अठ्ठ्याण्णव मार्कांची मायेन

हे सगळं झालं विद्यापीठाच्या त्या वजनकाट्यामुळे. माझा यात दोष अगदी थोडा. जो आहे तो मी कबूल करणार आहे, पण माझ्या सवडीने.

मी इक्वो. कलाबार शहरात बावीस वर्षं खेळाची बाई. रस्त्याच्या या बाजूला आमची सरकारी प्राथमिक शाळा, तिथे मी सकाळी. त्या बाजूला रॉयल सीडलिंग्ज अकॅडमी, तिथे दुपारी. इकडे पोरं मला 'बाई' म्हणतात, तिकडे 'आंटी'. इकडे दीडशे पोरांत एक चेंडू. तिकडे वीस पोरांत चाळीस चेंडू, आणि एकही पोर चेंडूला हात लावत नाही, घाम येतो म्हणून. मधला रस्ता ओलांडायला मला दोन मिनिटं लागतात, पण दर वेळी वाटतं, आता पासपोर्ट मागतील.

खेळाची बाई असून मी स्वतः चांगली ऐसपैस आहे. आमच्यात त्याचं कुणाला हसू येत नाही. बाई अंगाने भरलेली असली की लोक म्हणतात, हिला घरात मान आहे. अकॅडमीतल्या मायेनची आजी, अदियाहा, लग्नाआधी सहा महिने लठ्ठ व्हायला खोलीत बसवलेल्या शेवटच्या काही मुलींपैकी. सहा महिने झाडू नाही, पाणी भरणं नाही. खायचं, तेलाने अंग चोळून घ्यायचं आणि झोपायचं. ती बाहेर आली तेव्हा दार रुंद करावं लागलं, असं ती स्वतः सांगते. दर वर्षी ते दार आणखी थोडं रुंद होतं.

तर एके दिवशी डॉक्टर उबोंग आला. कोवळा पोरगा, नाकावरून घसरणारा चष्मा. बरोबर एक काटा, एक उंचीची पट्टी आणि एक बॅटरीवरचा भोंगा. खासगी शाळेतली मुलं आणि सरकारी शाळेतली मुलं यांच्या वजनात आणि दमात काय फरक असतो ते त्याला शोधायचं होतं.

"त्याला काटा कशाला?" मी म्हटलं. "सकाळी फाटकाशी उभा राहा. इकडची चालत येतात, तिकडची जीपमधून उतरवून ठेवतात."

"मॅडम, आकडे लागतात," तो म्हणाला. "आणि आधी तुम्ही काट्यावर उभ्या राहून दाखवा, म्हणजे मुलांची भीती जाईल."

मला एकदम आठवलं की माझी शिट्टी ऑफिसात राहिलीये. ती मला दुपारपर्यंत सापडली नाही.

वजनं झाली, मग पळणं. वीस मीटरवर दोन रेघा. भोंगा वाजला की या रेघेवरून त्या रेघेवर जायचं, पुन्हा वाजला की परत. भोंगा हळूहळू घाई करतो. अकॅडमीची मुलं पहिल्या भोंग्याला चालली, दहाव्याला बसली. एकाने हात वर करून विचारलं, "माझ्याऐवजी आमचा ड्रायव्हर पळाला तर चालेल का?" मायेनने सहा फेऱ्या मारल्या आणि घामाने निथळत मधेच बसली. मुलं ओरडायला लागली, "ओरोबो! ओरोबो!" म्हणजे जाडी, ढोली, जे म्हणाल ते. मायेनच सगळ्यांत मोठ्याने हसली. ती पोर नेहमी सगळ्यांच्या आधी हसते. गणितात शेवटची, स्पेलिंगमध्ये शेवटची, पळण्यात शेवटची, हसण्यात तेवढी पहिली. मला ते बघवत नाही, म्हणून मी शिट्टी वाजवते. दुसरं काय करणार?

आमच्या बाजूला पोरं अनवाणी पळाली आणि प्रार्थनेची घंटा झाली तेव्हाच थांबली. इन्यांग तेव्हाही थांबली नाही. दहा वर्षांची काडी. अनंतिघाहून रोज चालत येते, म्हणजे चालत असं म्हणायचं, पळतच येते. एकाहत्तर फेऱ्यांनंतर भोंग्याची बॅटरी संपली, तरी ही आपली या रेघेवरून त्या रेघेवर. अडीच महिन्यांनी स्टेडियमवर आंतरशालेय शर्यती होत्या. इन्यांगला वर्गात विचारलं, मोठेपणी कोण होणार, तर म्हणायची, "आठशे मीटर." बावीस वर्षांत आमच्या शाळेचं एकही पोर तिथे जिंकलं नव्हतं. या वर्षी मी रात्रंदिवस त्या काडीकडे डोळे लावून बसले होते.

आठवड्याने घरोघरी चिठ्ठ्या गेल्या. नाव, वर्ग आणि खाली 'वजन: ९८ पर्सेंटाइल', असं ज्याचं त्याचं. बरोबर समजावून सांगणारा एक कागद जायचा होता. पण तो छापायच्या दिवशी वीज गेली. मी म्हटलं, जाऊ दे, लोक शहाणे आहेत, समजून घेतील. हाच तो माझा दोष. झालं कबूल करून.

लोकांनी समजून घेतलं ते असं, की मुलांना मार्क मिळालेत.

आता तुम्हीच सांगा, शाळेतून चिठ्ठी आली, तीवर पोराचं नाव आणि शंभराच्या आतला आकडा, तर आई दुसरं काय समजणार? शिवाय आमचं कलाबार. वजनात पोर वरचढ असणं यात वाईट काय, हे इथे कुणाच्या डोक्यातही येणार नाही. अकॅडमीच्या फाटकाशी दुसऱ्या दिवशी जीपगाड्यांची काच खाली होऊन नुसता गलका. "आमचा चौऱ्याण्णव!" "आमची एकोणनव्वद, जरा तापातून उठलीये ना." आणि सगळ्यांत वर मायेन. अठ्ठ्याण्णव!

मायेन त्या दिवशी मैदानावर आली ती मान ताठ करून. 'ओरोबो' म्हणणारे पोरगे सत्तर-पंच्याहत्तर मार्कांवाले होते. तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रविवारी आजी अदियाहाने चर्चमध्ये आभाराची प्रार्थना ठेवली. सगळं खानदान एकाच छापाच्या कपड्यात, बँड लावलेला, आजी वेदीपर्यंत नाचत गेली. बाहेर शामियान्यात फुफूचे गोळे आणि एडिकांग इकोंगच्या पालेभाजीची पातेली. मीही गेले. जेवणाला मी कधी नाही म्हणत नाही.

"इक्वो," आजी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "ते दोन मार्क कुठे कापले?"

मला खरं सांगावंसं वाटलं. तोंडातला मासा गिळून मी म्हटलं, "आजी, हे मार्क नाहीत हो. अठ्ठ्याण्णव म्हणजे हिच्या वयाच्या शंभर मुली उभ्या केल्या तर अठ्ठ्याण्णव हिच्यापेक्षा हलक्या निघतील."

"मग मी काय वेगळं म्हणतेय?" आजी म्हणाली. "शंभरात वरून दुसरी नाहीतर तिसरी! खा, मासा आणखी घे."

मी आणखी मासा घेतला.

तिकडे अकॅडमीत सण आणि इकडे सरकारी शाळेत सुतक. सोमवारी सकाळी इन्यांगची आई अरित, बाजारात वाळवलेली कोळंबी विकते ती, टोपलीसकट माझ्यापुढे उभी.

"बाई, हे काय आहे?" तिने चिठ्ठी माझ्या नाकाशी धरली. "तीन! शंभरात तीन! मी हिला उपाशी ठेवते का? सगळ्या बाजारात माझं नाक कापलं!"

"अगं अरित, ते मार्क..."

"मला कळलंय कुठे जातं सगळं. मी घालते आणि ही पळून पळून वाटेत सांडते. आजपासून पळणं बंद!"

इन्यांग आईच्या मागे उभी होती, पायाच्या अंगठ्याने माती उकरत. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

मी हात जोडले, डोळे वटारले, शाळेची इज्जत काढली. शेवटी अरित एका गोष्टीला कबूल झाली. शर्यतीच्या आठवडाभर आधी डॉक्टर पुन्हा वजनं करायला येणार होता. "तेव्हा दोन आकडी मार्क आण," ती इन्यांगला म्हणाली, "मग पळ कुठे पळायचं ते. एक आकडी आणलास तर माझ्याबरोबर बाजारात बसायचं."

म्हणजे सात-आठ आठवड्यांत त्या काडीच्या अंगावर मांस चढवायचं, आणि पायही चालू ठेवायचे. मी घरी मुलांना ओरडले, नवऱ्याला ओरडले, तरी उपाय सुचेना.

उपाय दुसऱ्या दिवशी स्वतःहून चालत आला. मायेन मैदानाच्या कडेला माझ्याजवळ येऊन बसली. "आंटी, उरलेले दोन मार्क मिळवायला काय करू?"

तिच्या तोंडाकडे बघून मला खरं बोलवेना. खोटं मात्र पटकन सुचलं, मला ते नेहमीच पटकन सुचतं. मी आवाज खाली आणला. "हे बघ, वर्गात पहिला असतो तो काय करतो? नापास मुलाला शिकवणी देतो. देतो की नाही?"

"देतो."

"मग? रस्त्यापलीकडे एक मुलगी आहे, तिला तीन मिळालेत."

"तीन?" मायेनचे डोळे पांढरे झाले. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्याहून ढ माणूस भेटत होता. "बिचारी! आंटी, मी शिकवीन तिला."

एकला सरकारी शाळा सुटते, तेव्हाच अकॅडमीची जेवणाची सुट्टी होते. मी फाटकावर 'खेळ' असं लिहून सही करायची आणि मायेन डबा घेऊन रस्ता ओलांडायची. डबा कसला, बादलीच म्हणा. भात, तळलेली केळी, कोंबडीचे दोन पाय. बदामाच्या झाडाखाली तिने इन्यांगला समोर बसवलं आणि वही उघडली.

"पहिला धडा," ती म्हणाली. "घाईघाईने खायचं नाही. कोंबडी शेवटी, म्हणजे तिची आशा राहते आणि भात जास्त जातो."

इन्यांगने ताटाला हात लावला नाही. "फुकट नको मला."

"ही शिकवणी आहे. शिकवणी काय फुकट असते का?" मायेन बुचकळ्यात पडली.

"तू पळण्यात किती?"

"सहा फेऱ्या."

"नापास," इन्यांग म्हणाली. "मग मी तुला ते शिकवणार. नाहीतर हे घेऊन जा."

अशी देवाणघेवाण ठरली. मी झाडामागे उभी राहून ऐकत होते, आणि स्वतःवर इतकी खूश झाले की विचारू नका.

ती खुशी चारच दिवस टिकली. पाचव्या दिवशी केकेतून, म्हणजे तीनचाकी रिक्षातून, आजी अदियाहा उतरली. पाठीमागे ड्रायव्हर, त्याच्या हातात चटई, उशी, तेलाची बाटली आणि झाकलेलं पातेलं.

"लठ्ठ करायची शिकवणी, आणि मला न विचारता?" आजी म्हणाली. "या पोरीला काय येतंय त्यातलं? मी शिकलेय ते रीतसर." तिने इन्यांगचा दंड दोन बोटांत धरला आणि ती चुकचुकली. "अरेरे. यापेक्षा माझी काठी जाड. झोप इथे."

इन्यांगला चटईवर आडवं केलं. अंग चोळलं, अरवीच्या कीसाची एक्पांग भरवली आणि फर्मान निघालं, "खाल्ल्यावर हलायचं नाही. बोटसुद्धा नाही. हललीस की उतरलं."

इन्यांगने आडव्या आडव्या माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिला विकून आलेय. पोरगी दोन आकडी मार्क घेऊन स्टेडियमवर जाणार, आणि तिथे लोळणार!

पण आजीची एक सवय होती. दुसऱ्याला भरवताना ती स्वतःही बरोबरीने खायची, आणि मग तिचा डोळा लागायचा. घोरणं सुरू झालं की मी हळूच बोट वर करायची. दोघी चपला हातात घेऊन वर्गांच्या मागे पसार! तिथे मी चुन्याने रेघा मारून ठेवल्या होत्या. माझं जुनं घड्याळ मायेनच्या गळ्यात अडकवलं होतं. आधी मायेनच्या फेऱ्या व्हायच्या, इन्यांग तिच्या पाठीला काडी लावून पळवायची, "चल ढोले, चल!" मग इन्यांग मोठ्या वळणावर सुटायची आणि मायेन कडेकडेने धावत घड्याळात बघून किंचाळायची, "काल यापेक्षा लवकर आली होतीस! कोंबडीचे पाय वाया घालवतेस का?" मी बावीस वर्षं ओरडतेय, पण त्या पोरीसारखं ओरडणं मला जमलं नाही. ती टोचून बोलायची, आणि इन्यांग दात-ओठ खाऊन आणखी जोरात पळायची. घोरणं थांबायच्या आत दोघी परत चटईशी. इन्यांग डोळे मिटून पडायची, छाती मात्र भात्यासारखी चाललेली. आजी उठून म्हणायची, "बघ, खाल्लं की कशी धाप लागते. अंगी लागतंय."

सात आठवडे हे चाललं. डॉक्टर उबोंग पुन्हा आला. या वेळी मी शिट्टी आधीच लपवून आले होते.

इन्यांगला तेरा मिळाले.

तेरा! अरितने ती चिठ्ठी टोपलीवर चिकटवली, बाजारभर दाखवत फिरली. "आता पळ बाई, पळ," म्हणाली. मी इन्यांगला उचलून गोल फिरवलं, आणि ती आता पहिल्याइतकी हलकी राहिली नाही हे माझ्या कमरेने मला लगेच सांगितलं.

पण काटा तर दोन्ही शाळांत होता. मायेन उतरली होती. एक्क्याण्णव.

दुपारी आजी मैदानावर आली. चटई नाही, पातेलं नाही, हातात फक्त काठी. माझी पाचावर धारण बसली. तरी मी मनाशी म्हटलं, इक्वो, आता खरं सांग, मार खा आणि मोकळी हो.

"माझ्या नातीचे सात मार्क कुणी खाल्ले?"

"आजी, बसा. मी खोटं बोलले. ते मार्क नव्हतेच. तो आकडा जितका वर तितकं पोरीच्या जिवाला..."

"मला दूधखुळी समजलीस का?" आजीने काठी आपटली. "माझी सून नर्स आहे. तिने पहिल्याच संध्याकाळी सांगितलं मला तो आकडा काय आहे ते."

मी म्हटलं, "मग चर्चमध्ये...?"

"ती पोर त्या दिवशी शाळेतून नाचत आली. नाचत, कळलं? चार वर्षांत पहिल्यांदा. कागदावर अठ्ठ्याण्णव उवा लिहिल्या असत्या ना, तरी मी बँड लावला असता." ती खाली दगडावर बसली. "आणि ते घोरणं खोटं होतं. डोळे मिटून पडून असायचे. तुम्हा तिघींना वाटायचं, म्हातारी झोपली."

"मग आज का चिडलात?"

"एक ना एक दिवस तिला कळणार, की ते मार्क नव्हते. मग ती कशात पहिली? तू बाई आहेस ना, सांग मला. कशात?"

मी तिच्याशेजारी बसले. आमच्या दोघींचं मिळून जे वजन त्या दगडावर पडलं होतं त्याने तो थोडा कलला.

शनिवारी स्टेडियम. चौदा शाळा, चौदा मुली, तेराजणींच्या पायांत खिळ्यांचे बूट. इन्यांग अनवाणी. पहिल्या फेरीत ती पाचवी. मी ओरडले, पण त्या गोंगाटात माझा आवाज मलाच ऐकू येईना. मायेन माझ्याजवळ नव्हती. ती दोरीखालून पलीकडे गेली होती आणि मैदानाच्या आतल्या कडेने, गळ्यातलं घड्याळ उडवत, धावत होती. धावत! अधिकारी तिच्या मागे, "ए पोरी, बाहेर हो!" ती कुठली ऐकते. "डावीकडची दमलीये!" ती किंचाळली. "तिच्या खांद्याकडे बघ! आता! आता घे!"

इन्यांगने घेतलं. शेवटच्या वळणावर एक मागे गेली, दोन गेल्या, मग तिसरी. रेघेपाशी चौथीला तिने छातीभर मागे टाकलं. मी काय केलं मला आठवत नाही. नंतर कळलं की मी शेजारच्या शाळेच्या हेडमास्तरांना मिठी मारली होती.

टेबलाशी निकालाचा तक्ता भरत होते. "नाव?" इन्यांग. "शाळा?" सांगितली. "प्रशिक्षक?"

मी पुढे झाले. गळ्यातली शिट्टी सारखी केली, घसा खाकरला. बावीस वर्षं, लक्षात घ्या. मी तोंड उघडणार एवढ्यात इन्यांग धापा टाकत म्हणाली, "मायेन."

अधिकाऱ्याने त्या गोल, घामाघूम पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मायेन या वेळी हसली नाही. ती घड्याळ मुठीत घट्ट धरून माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते याची वाट बघत. चष्मा घसरलेला डॉक्टर मागेच उभा होता, तोही बघत होता.

"लिहा की," मी खेकसले. "स्पेलिंग येत नाही का?"

त्याने लिहिलं. आजी काठी टेकत तिथे येऊन पोचली होती. "काय लिहिलं? कितवा नंबर?"

"प्रशिक्षक आहे ती, आजी. जिंकलेल्या मुलीची."

"म्हणजे पहिली?"

"पहिली," मी म्हटलं. "चौदा शाळांत."

आजीने तो तक्ता अधिकाऱ्याच्या हातून ओढूनच घेतला, उलटा धरला आणि सगळ्या स्टँडला दाखवत सुटली. मायेन तिच्यामागे गेली नाही. ती इन्यांगच्या मानेत तोंड खुपसून हुंदके देत होती, आणि इन्यांग तिला म्हणत होती, "अगं सोड, श्वास घेऊ दे." माझेही डोळे भरून आले होते, पण मी घाम पुसतेय असं दाखवलं. बावीस वर्षांत माझं नाव त्या तक्त्यावर कधी आलं नव्हतं, आणि त्या दिवशीही आलं नाही. सोमवारी मी दोघींनाही मैदानाच्या चार चकरा जास्त मारायला लावल्या.